सकाळी दुकान उघडलं की सर्व्हर सापडत नाही, रीस्टार्ट केला की सापडतो

आधी लक्षणं सांगतो, म्हणजे तुमचं दुखणं हेच आहे का ते लगेच कळेल.

रात्री दुकान बंद करेपर्यंत सगळं सुरळीत चालू असतं. सकाळी काउंटरवरचा पहिला माणूस बिलाचा फॉर्म उघडतो आणि 'ओडीबीसी कनेक्शन फेल्ड' अशी पाटी समोर येते. (ओडीबीसी म्हणजे फॉर्मला डेटाबेसशी जोडणारा दुवा.) सर्व्हरला पिंग केलं, म्हणजे नेटवर्कवरून 'आहेस का' अशी हाक मारली, तर तो टुणकन उत्तर देतो. सर्व्हरसमोर बसून डेटाबेस उघडला तर तोही उघडतो. शेवटी कोणीतरी वैतागून डेटाबेसची सर्व्हिस रीस्टार्ट करतं, आणि मग दिवसभर काही तक्रार नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. बरं, तेही रोज नाही. आठवड्यातून तीन-चार दिवस. रोज झालं असतं तर मला एका दिवसात सापडलं असतं.

घाईत असणाऱ्यांसाठी उत्तर इथेच देतो. आमचा डेटाबेस पोस्टग्रेस या प्रोग्राममध्ये आहे. त्याच्या मुख्य सेटिंग फाइलमध्ये 'लिसन ॲड्रेसेस' नावाची ओळ असते, कुठल्या पत्त्यावर ऐकायचं ते सांगणारी. तिथे तुम्ही सर्व्हरचा ठरावीक आयपी पत्ता लिहिला असेल आणि तो पत्ता सर्व्हरला राउटरकडून मिळत असेल, तर हा प्रकार होतो. त्या जागी फक्त तारका (*) टाका, सर्व्हिस एकदा रीस्टार्ट करा, आणि कोणाला आत घ्यायचं नि कोणाला नाही हे पीजी-एचबीए फाइलमध्ये आणि फायरवॉलमध्ये ठरवा. ज्यांना कारण हवंय, किंवा मायक्रोसॉफ्ट ॲक्सेसवरून पोस्टग्रेसवर आल्यावर एकापाठोपाठ एक निघालेल्या बाकीच्या भानगडी हव्यात, त्यांनी पुढे वाचावं.

मुळात फाइल का सोडली

दुकान मामांचं. सांगली जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. पाण्याचे पंप, मोटारी, पाइप, ठिबकचं सामान. समोर तीन काउंटर, आत हिशेब बघणाऱ्या ताई, मागे गोदामात एक लॅपटॉप. अर्धी विक्री उधारीवर, कारण ऊसबिल आल्याशिवाय शेतकरी पैसे देणार कुठून? त्यामुळे इथे डेटाबेस म्हणजे मुख्यतः उधारीची वही. ती गेली तर दुकान गेलं.

ही वही बरीच वर्षं मायक्रोसॉफ्ट ॲक्सेसमध्ये होती. ताईंच्या कॉम्प्युटरवर शेअर केलेल्या फोल्डरमध्ये फाइल, आणि बाकी सगळे तिथून उघडायचे. महिन्या-दीड महिन्याने एकदा 'अनरेकग्नाइज्ड डेटाबेस फॉरमॅट' यायचं. सगळ्यांना बाहेर काढायचं, कॉम्पॅक्ट अँड रिपेअर चालवायचं, आणि काही ओळी कायमच्या गेल्या का ते कागदाच्या बिलांवरून ताडून बघायचं.

इथे एक गैरसमज काढतो, कारण तो मलाही होता. शेअर फोल्डरमध्ये फाइल ठेवली म्हणून ताईंचा कॉम्प्युटर सर्व्हर होत नाही. ते नुसतं कपाट. ॲक्सेसमध्ये प्रत्येक काउंटरवर स्वतंत्र इंजिन चालतं. ते स्वतः कपाटाशी येतं, वहीतलं चार किलोबाइटचं एकेक पान वायरवरून आपल्याकडे नेतं, त्यावर लिहितं आणि परत आणून ठेवतं. कोण कुठल्या पानावर आहे याची नोंद शेजारच्या छोट्या लॉक फाइलमध्ये असते. पाच माणसं, पाच इंजिनं, एक वही, आणि मध्ये कारकून कोणीच नाही. गोदामातला लॅपटॉप वायफायवर. लोखंडी पाइपांच्या थप्प्या मध्ये आल्या की सिग्नल मरतो, आणि तो नेमका पान परत ठेवताना मेला की अर्धं लिहिलेलं पान फाइलमध्ये राहतं. यात ॲक्सेसचा दोष म्हणता येत नाही. ती चीज अशा वापरासाठी केलेलीच नाही. कागदावर २५५ जणांची मर्यादा आहे, पण वायफायवर दोन जणसुद्धा जास्त होतात.

ज्यांना अजून हलायचं नाही त्यांच्यासाठी एक गोष्ट. २०१८ च्या सुमारास विंडोज १० च्या अपडेटनंतर बऱ्याच जणांना 'इनकन्सिस्टंट स्टेट' असा संदेश वारंवार येऊ लागला. त्याचं कारण फाइल शेअरिंगमधली 'लीजिंग' ही सोय. ज्या कॉम्प्युटरवर फाइल आहे त्याच्या रजिस्ट्रीत ती बंद करता येते, मायक्रोसॉफ्टनेच तो उपाय दिला होता. आमच्याकडे त्याने फरक पडला, पण गोदामाचं वायफाय काही सुधारलं नाही. तुमच्याकडे दोनच कॉम्प्युटर असतील आणि दोन्ही वायरवर असतील, तर माझं मत विचाराल तर ॲक्सेस सोडूच नका. बाकीच्यांनी सोडा.

आम्ही काय केलं: एक जुना डेस्कटॉप घेतला, त्यावर डेबियन १२ (लिनक्सचा एक प्रकार) आणि पोस्टग्रेस १५ टाकलं. सगळी टेबलं तिकडे हलवली. फॉर्म आणि रिपोर्ट मात्र ॲक्सेसमध्येच ठेवले, प्रत्येक काउंटरवर त्याची स्वतंत्र प्रत, आणि टेबलं ओडीबीसीने जोडलेली. हे मी जोर देऊन सांगतो, कारण उत्साहाच्या भरात लोक स्क्रीनही बदलायला जातात. काउंटरवरच्या माणसाचा हात ठरलेल्या जागी एंटर मारतो. तो हात हलवलात तर पंधरा दिवस गिऱ्हाइकाच्या शिव्या तुम्हाला. टेबलं कुठे आहेत याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. मारियाडीबी हा दुसरा डेटाबेसही चालला असता. मी पोस्टग्रेस घेतलं ते चुकीच्या डेटाला तोंडावर नाही म्हणतं म्हणून, एवढंच.

आता ती सकाळ

पहिला संशय मी राउटरवर घेतला. पत्ता बदलत असणार. म्हणून राउटरमध्ये सर्व्हरसाठी १९२.१६८.१.१० हा पत्ता राखून ठेवला. (आकडे अर्थातच इंग्रजीत टाकायचे.) पत्ता तोच राहिला, दुखणंही तेच.

दुसरा संशय फायरवॉलवर. एक दिवस पूर्ण बंद करून पाहिला, फरक नाही. तिसरा संशय विंडोजवरच्या ओडीबीसी ड्रायव्हरवर, तो काढून पुन्हा टाकला. यात दोन रविवार गेले. मामा म्हणाले, "अरे, जुनं महिन्यातनं एकदा बिघडत होतं. तुझं नवं आठवड्यातनं चारदा. प्रगती झाली म्हणायची का ही?"

मी जे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं ते तिसऱ्या आठवड्यात केलं: संदेश नीट वाचला. ॲक्सेस सगळ्याला 'फेल्ड' म्हणतं, पण तपशिलाच्या खिडकीत ड्रायव्हरचं खरं वाक्य असतं. ते वाक्य चार प्रकारचं असू शकतं आणि प्रत्येकाचा रोग वेगळा.

'टाइम आउट' म्हणजे तुमची हाक पोचलीच नाही, किंवा पोचून कोणीतरी गिळली. पत्ता चुकलाय, वायर सुटलीय, किंवा फायरवॉल गप्प बसून अडवतोय. 'नो पीजी-एचबीए एंट्री' म्हणजे तुम्ही पोस्टग्रेसच्या दारात उभे आहात, पण पाहुण्यांच्या यादीत तुमच्या कॉम्प्युटरचा पत्ता नाही. 'पासवर्ड ऑथेंटिकेशन फेल्ड' म्हणजे यादीत आहात, किल्ली चुकली. आणि 'कनेक्शन रिफ्यूज्ड' म्हणजे घरापर्यंत पोचलात, पण ५४३२ नंबरच्या दारामागे कोणी बसलेलंच नाही.

आमच्याकडे रिफ्यूज्ड होतं. म्हणजे नेटवर्क ठीक, राउटर ठीक. पिंगला उत्तर येत होतं ते याचसाठी. पिंग फक्त घर जागेवर आहे एवढंच सांगतं, दुकान उघडं आहे का ते नाही. विंडोजच्या पॉवरशेलमध्ये पत्त्यासोबत पोर्ट नंबर देऊनही तपासता येतं. सकाळी फक्त पिंग करून समाधान मानू नका, पोर्टसकट तपासा.

मग दाराशी कोणी का बसलं नव्हतं? सर्व्हरवर सर्व्हिसची स्थिती विचारली तर उत्तर 'ॲक्टिव्ह' असं हिरवं. हा दुसरा सापळा. डेबियनवर 'पोस्टग्रेसक्यूएल' नावाची जी मुख्य सर्व्हिस दिसते ती नुसती पाटी आहे. खरं काम तिच्या हाताखालची '१५-मेन' अशी आवृत्तीच्या नावाची सर्व्हिस करते. पाटीसमोर नीट पाहिलं तर 'ॲक्टिव्ह' पुढे 'एक्झिटेड' असं लिहिलेलं दिसतं. ते तसंच असायचं, त्याला घाबरू नका आणि त्याच्यावर विसंबूही नका. खरी सर्व्हिसही चालूच होती, म्हणूनच सर्व्हरसमोर बसून डेटाबेस उघडत होता.

निकाल लागला तो 'एसएस' या छोट्या कमांडने. कुठल्या पत्त्यावर कोण कान देऊन बसलंय ते ती दाखवते. बिघडलेल्या सकाळी यादीत ५४३२ पोर्ट फक्त १२७.०.०.१ वर होता, म्हणजे सर्व्हर फक्त स्वतःचं बोलणं ऐकत होता. रीस्टार्ट केला की १९२.१६८.१.१० ची दुसरी ओळ उगवायची. लॉग फाइल उघडली तर सकाळच्या वेळेला स्वच्छ लिहिलेलं: या पत्त्याला 'बाइंड' करता आलं नाही, म्हणजे तिथे कान लावता आला नाही, 'कॅनॉट असाइन रिक्वेस्टेड ॲड्रेस'.

आता उलगडा. लिसन ॲड्रेसेसच्या ओळीत मी लोकलहोस्ट आणि १९२.१६८.१.१० असे दोन पत्ते लिहिले होते. उगाच सगळीकडे कान का उघडे ठेवा, असा सावध विचार. सकाळी मेन स्विच चढला आणि सर्व्हरचं बटण दाबलं की सर्व्हर अर्ध्या मिनिटात उठतो. राउटर उठायला त्याहून जास्त वेळ घेतो. सर्व्हरला पत्ता राउटर देणार, आणि राउटर तर अजून डोळे चोळतोय. पोस्टग्रेस सुरू होतं तेव्हा १९२.१६८.१.१० हा पत्ता त्या मशीनवर अस्तित्वातच नसतो. दोनपैकी एक पत्ता मिळाला तर पोस्टग्रेस लॉगमध्ये इशारा लिहितं आणि मिळालेल्या पत्त्यावर काम सुरू करतं. एकही मिळाला नाही तरच सुरू व्हायला नकार देतं. खरं तर नकार दिला असता तर बरं झालं असतं, पहिल्याच दिवशी कळलं असतं. मिनिटभराने राउटर पत्ता देतो, पिंग चालू होतो, पण पोस्टग्रेस पुन्हा मागे वळून बघत नाही.

आणि आठवड्यातून तीन-चारच दिवस का? दुकान उघडायच्या पाळ्या आहेत. मामेभाऊ आला की आत येऊन सरळ सगळी बटणं दाबतो. कामावरचा पोरगा आला की आधी राउटर लावतो, कारण त्याला स्वतःचे मेसेज बघायचे असतात. मग झाडलोट, मग उदबत्ती, मग कॉम्प्युटर. त्याच्या पाळीच्या दिवशी सर्व्हर कधीच बिघडला नव्हता. तीन आठवड्यांची हजेरी लॉगच्या तारखांशेजारी ठेवली तेव्हा हे दिसलं. मामांना सांगितलं तर ते म्हणाले, "म्हणजे उदबत्तीनं चालतंय की!"

दुरुस्ती

लिसन ॲड्रेसेसमध्ये तारका. तारकेचा अर्थ: या मशीनवर आता जो पत्ता आहे तो, आणि पुढे जो येईल तोही. पत्ता उशिरा आला तरी कान आधीपासून उघडा असतो. ही ओळ बदलल्यावर सेटिंग नुसतं रीलोड करून भागत नाही, सर्व्हिस पूर्ण रीस्टार्ट लागते. पीजी-एचबीए बदलली तर मात्र रीलोड पुरतं. हा फरक ध्यानात ठेवला नाही तर 'बदल केला, काही झालं नाही' म्हणत तासभर बसाल.

तारका टाकली म्हणजे दार सताड उघडलं असं नाही. पीजी-एचबीएमध्ये दुकानाच्या नेटवर्कपुरतीच ओळ ठेवा, म्हणजे १९२.१६८.१.० च्या पुढे तिरकी रेघ देऊन २४, आणि पासवर्ड तपासायची पद्धत 'स्क्रॅम'. तिथे 'ट्रस्ट', म्हणजे पासवर्ड न विचारता आत घ्या, असं लिहून ठेवलेले सर्व्हर मी पाहिलेत. ते म्हणजे तिजोरीला कुलूप नाही, नुसती कडी. आणि 'घरून बघायचंय' म्हणून राउटरमध्ये ५४३२ बाहेरच्या जगाला कधीही उघडू नका. मामांनी ते मागितलं, मी दिलं नाही. त्यांच्यासाठी व्हीपीएन, म्हणजे घरापासून दुकानापर्यंतचा कुलूपबंद खाजगी रस्ता, लावला.

नेटवर्क येईपर्यंत सर्व्हिसला थांबायला सांगायचा मार्गही आहे, पण त्या थांबण्यालाही मर्यादा असते आणि आमचा राउटर कधी कधी त्याहून आळशी निघतो. शिवाय मी सर्व्हरचा पत्ता आता मशीनवरच कायमचा लिहून टाकलाय, राउटरच्या मेहेरबानीवर ठेवलेला नाही.

लाइट जाण्याबद्दल दोन ओळी, कारण आमच्याकडे तो रोजचाच विषय. पोस्टग्रेस चालू असताना लाइट गेली आणि यूपीएसही संपला, तर पुन्हा सुरू होताना लॉगमध्ये 'नॉट प्रॉपर्ली शट डाउन, ऑटोमॅटिक रिकव्हरी इन प्रोग्रेस' असं येतं. ती चूक नाही. प्रत्येक बदल आधी लॉगवहीत उतरवून मगच टेबलात घालायची त्याची पद्धत आहे, त्या वहीवरून ते स्वतःला सावरतं. वेग वाढवायला 'एफसिंक', म्हणजे लिहिलेलं खरंच डिस्कवर उतरवून घ्यायचं सेटिंग, बंद करा असा सल्ला कोणी दिला तर मात्र त्या माणसाला चहा पाजून परत पाठवा.

ॲक्सेसमधून आलेली बाकीची दुखणी

सगळ्यात आधी आलेलं: नवं बिल टाकलं की 'डुप्लिकेट की'. जुना डेटा आणताना बिलांचे क्रमांकही सोबत येतात, पण पोस्टग्रेसचा क्रमांक देणारा मोजणारा, म्हणजे सीक्वेन्स, एकवरच उभा असतो. तो नव्या बिलाला एक नंबर देतो, आणि एक नंबर तर कधीच गेलाय. पुन्हा सेव्ह केलं तर दोन देतो. माणूस चिकाटीने एंटर मारत राहिला तर काही हजार वेळांनी आपोआप सुटेल! त्यापेक्षा 'सेटव्हॅल' फंक्शनने प्रत्येक टेबलाचा मोजणारा सगळ्यात मोठ्या क्रमांकावर नेऊन ठेवा. प्रत्येक टेबलाचा. मी पावत्यांचं टेबल विसरलो आणि ते सोमवारच्या बाजाराच्या गर्दीत कळलं.

दुसरं, ओळ सेव्ह होते आणि लगेच प्रत्येक रकान्यात '#डिलीटेड' दिसतं. ताईंचा चेहरा पांढरा पडला होता. डेटा कुठेही गेलेला नसतो, फॉर्म बंद करून उघडा, जागेवर असतो. ॲक्सेस जोडलेल्या टेबलातून आधी फक्त किल्ल्या, म्हणजे प्रत्येक ओळीचा ओळख-क्रमांक, आणतं आणि मग एकेका किल्लीने ओळ मागतं. किल्ली येता-जाताना जराही बदलली तर ओळ सापडत नाही, आणि न सापडलेल्या ओळीला ते 'डिलीटेड' म्हणतं. आमचं ॲक्सेस २०१०. त्याला मोठा पूर्णांक, म्हणजे बिगइंट, कळत नाही. मी हौसेने सगळ्या किल्ल्या बिगइंट केल्या होत्या. साधा इंटिजर केला, टेबलं पुन्हा जोडली, संपलं. पंपांच्या दुकानाला दोनशे कोटी बिलं पुरतील.

तिसरं जास्त छळणारं, कारण ते खोटं बोलतं. 'हा रेकॉर्ड दुसऱ्या कोणीतरी बदलला आहे', असं म्हणतं, आणि दुकानात तर तुम्ही एकटेच. सेव्ह करताना ॲक्सेस सांगतं की रकान्यांतल्या जुन्या सगळ्या किमती जशाच्या तशा असलेली ती ओळ बदल. त्यातली एखादी किंमत जुळली नाही की शून्य ओळी बदलतात, आणि ॲक्सेस दुसऱ्यावर आळ घेतं. जुळत नाहीत त्या तीन जागा. वेळेचा रकाना: पोस्टग्रेस सेकंदाचा दहा लाखावा भाग ठेवतं, ॲक्सेसला तो झेपत नाही, म्हणून टाइमस्टॅम्पला शून्य दशांश द्या. पैशाचा रकाना तरंगत्या दशांशाच्या, म्हणजे फ्लोट, प्रकारात असेल तर तो न्यूमेरिक करा. उधारीची वही तरंगत्या आकड्यात ठेवणं तसंही पापच. आणि हो-नाहीचा रकाना रिकामा राहू देऊ नका, डीफॉल्ट 'नाही' ठेवा, कारण ॲक्सेसच्या हो-नाहीला 'माहीत नाही' हा तिसरा प्रकार कळत नाही. त्याच्या लेखी 'हो' म्हणजे उणे एक, म्हणून ड्रायव्हरमधल्या 'ट्रू इज मायनस वन'वर खूण करा आणि 'बूल्स ॲज कॅर'वरची काढा. 'रो व्हर्जनिंग'वरही खूण केली तर ड्रायव्हर किमती जुळवत न बसता पोस्टग्रेसची स्वतःची ओळ-खूण वापरतो. या खुणा प्रत्येक काउंटरवर सारख्या हव्यात. एका काउंटरवर राहिल्या तर 'त्याच मशीनवर होतं' अशी तक्रार येते, आणि मग लोक बिचाऱ्या मशीनला शनी लागलाय म्हणतात.

गोदामातला लॅपटॉप झोपून उठला की जोडणी तुटलेली असते आणि ॲक्सेस ती स्वतःहून नीट जोडत नाही. पूर्ण बंद करून उघडा. झाकण लावल्यावर झोपायचं सेटिंग काढून टाका. पण आता वायफाय मेलं तर फार तर ते एक बिल पुन्हा टाकावं लागतं, वही फाटत नाही. एवढ्यासाठीच तर हा खटाटोप होता.

मराठी नावं

हे आमच्याकडचं खास दुखणं, म्हणून थोडं सविस्तर. जुन्या गिऱ्हाइकांची नावं युनिकोडच्या आधीच्या मराठी फॉन्टमध्ये टाकलेली होती. फॉर्मवर तो फॉन्ट लावला की 'बोऱ्हाडे' दिसायचं, पण आत साठवलेली अक्षरं इंग्रजी चिन्हांची खिचडी. ती खिचडी पोस्टग्रेसमध्ये बिनतक्रार आली, कारण त्याच्या दृष्टीने ती फक्त चिन्हं आहेत. पण नव्या गिऱ्हाइकांची नावं युनिकोडमध्ये, जुन्यांची फॉन्टमध्ये, आणि शोध दोन्हीकडे लागेना.

अक्षराला अक्षर बदलून हे सुटत नाही. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी डोळ्यांना दिसते त्या क्रमाने, व्यंजनाच्या आधी टाकलेली असते. युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर साठते. रफाराचं उलटं: तिकडे तो अक्षरानंतर, युनिकोडमध्ये आधी. त्यामुळे 'शिर्के' या साध्या आडनावात दोन अदलाबदली लागतात. त्या फॉन्टसाठी तयार कन्व्हर्टर मिळतो, तो वापरा, पण त्याच्यावर डोळे मिटून भरवसा ठेवू नका. जोडाक्षरं असलेली शंभर नावं ताईंना वाचायला द्या. ताईंनी अर्ध्या तासात जे पकडलं ते मला आठवड्यात सापडलं नसतं.

एवढं करूनही 'बोऱ्हाडे' शोधलं तर सापडत नव्हतं. पडद्यावर दोन्ही नावं डोळ्याला तंतोतंत सारखी. भेद असा की कन्व्हर्टर त्यातला 'ऱ' साधा र आणि खाली नुक्ता अशा दोन चिन्हांत लिहीत होता, आणि कीबोर्ड एकाच चिन्हात. पोस्टग्रेस १३ पासून 'नॉर्मलाइझ' फंक्शन आहे, ते या दोघांना एका रूपात आणतं. तिसरंही एक रूप असतं, साधा र, हलन्त आणि न दिसणारा जोडक. त्याला नॉर्मलाइझ हात लावत नाही, ते स्वतः शोधून बदलावं लागतं. बोऱ्हाडे, कऱ्हाडकर, गोऱ्हे, वऱ्हाडे अशी नावं तुमच्या खातेवहीत असतील तर आधी हेच तपासा. नाहीतर एकाच माणसाची दोन खाती तयार होतात आणि जमा एकात, उधारी दुसऱ्यात. आमच्याकडे अशी अकरा निघाली.

मालाच्या कोडचंही याच जातीचं आहे. ॲक्सेस इंग्रजीतलं लहान-मोठं अक्षर एकच मानतं, पोस्टग्रेस नाही. कोडच्या रकान्याला 'सायटेक्स्ट' हा प्रकार दिला की भागतं.

आणि मग आलेली नवी सकाळ

तारका टाकल्यावर तीन आठवडे शांततेत गेले. मग ताई म्हणाल्या, "काल रात्री रोजमेळ बंद केला तेव्हा रोख जुळली होती. आज बघते तर कालच्या विक्रीत दोन बिलं जास्त." दुसऱ्या दिवशी पुन्हा एक. बिलाचे क्रमांक ओळीत, रकमा बरोबर, फक्त तारीख कालची आणि वेळ रात्री साडेआठ-नऊची, दुकान बंद करायची.

बिलाची तारीख आता काउंटरचं घड्याळ देत नाही, सर्व्हर देतो. मीच तसं केलं होतं, पाच कॉम्प्युटरांची पाच घड्याळं नकोत म्हणून. आणि सर्व्हर जुना डेस्कटॉप. त्याच्या मदरबोर्डवरचा बटणासारखा सेल अशक्त झालेला. रात्री मेन स्विच उतरला की घड्याळ थांबायचं, सकाळी काल जिथे थांबलं तिथून पुढे चालायचं, आणि राउटर उठून इंटरनेट आलं की एका झटक्यात आजच्या वेळेवर यायचं. मधल्या दोन-तीन मिनिटांत झालेलं बिल कालचं.

आधी हे का दिसलं नाही? कारण आधी त्या दोन-तीन मिनिटांत सर्व्हर कोणाला सापडतच नव्हता.

दोन हजार बत्तीस नंबरचा सेल समोरच्या घड्याळाच्या दुकानात मिळाला. मामेभावाने स्वतः बसवला. त्या आठवड्यातली चुकीच्या तारखेची बिलं ताईंनी एकेक करून कागदाशी लावून घेतली, आणि मी बिलाच्या टेबलावर एक अट घातली: नव्या बिलाची वेळ त्याआधीच्या बिलाच्या वेळेपेक्षा मागे असेल तर सेव्ह करू नकोस. सेल पुन्हा म्हातारा होईल तेव्हा घड्याळ निदान शून्यावर गेलं तर ते अडेल. नुसतं थांबलं तर मात्र ही अट त्याला पकडत नाही, कारण थांबलेलं घड्याळ मागे जात नाही. म्हणून सर्व्हरला वेळ इंटरनेटशी जुळेपर्यंत बिलाचा फॉर्म वर पिवळी पट्टी दाखवतो. मामेभाऊ आता आल्याबरोबर राउटर लावतो, आणि मग पट्टी जाईपर्यंत उदबत्ती.